चार आंत्वान

मंडळी, आधीच सांगून टाकतो. न्यू ऑर्लिन्सला आम्ही इतिहास शिकायला गेलो नव्हतो. खायला गेलो होतो. आणि प्यायला. ह्यूस्टनपासून साधारण साडेपाचशे किलोमीटर, मध्ये एकदा पेट्रोल आणि दोनदा चहा धरून सहा-सात तास. लाँग वीकेंड, गाडी एक, माणसं चार: मी पुणेकर, एक नगरकर, त्याची बायको (म्हणजे आमची वहिनी) आणि एक रत्नागिरीकर. खरी नावं देत नाही, कारण लेखात कॉकटेलं आहेत आणि सगळ्यांच्या आया हे वाचतात.

आमच्यात शिस्तीची एकटी वहिनी. तिने निघायच्या आधी एक्सेल शीट तयार केली होती. पहिल्या रकान्यात पदार्थ, दुसऱ्यात ठिकाण, तिसऱ्यात "का?". हा तिसरा रकाना भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि त्यानेच घात केला. दोन रात्री मी वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की जिकडे बघावं तिकडे आंत्वान! शहरातल्या सगळ्यात जुन्या नामांकित रेस्तराँचा मालक आंत्वान. ज्या बिटर्सशिवाय सॅझरॅक नावाचं कॉकटेल होत नाही, ते बनवणारा औषधवाला आंत्वान. लुइझियानात उसाच्या रसाची दाणेदार साखर पाडून दाखवणारा कारागीर आंत्वान. आणि प्रालीन नावाच्या मिठाईत जो पिकॅन घालतात, त्याचं कलम बांधून दाखवणारा माळी, तोही आंत्वान! फ्रेंच लोकांत हे नाव आपल्याकडच्या दत्तूसारखं गल्लोगल्ली असावं. मी वहिनीला म्हटलं, चौथा रकाना टाक: "कुठला आंत्वान?"

हे गंमत म्हणून सुरू झालं होतं. रविवारी परत येताना मात्र गाडीत बराच वेळ कोणी बोलत नव्हतं. ते का, हेच सांगायचंय.

थोडी पार्श्वभूमी, कंटाळू नका. १७१८ मध्ये फ्रेंचांनी मिसिसिपीच्या वळणावर हे शहर वसवलं. पुढे ते स्पेनकडे गेलं. १८०३ मध्ये नेपोलियनने अख्खा लुइझियाना प्रांत दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकला, तेव्हा शहरही त्यात गेलं. ज्याला आज "फ्रेंच क्वार्टर" म्हणतात त्यातली बरीचशी जुनी बांधणी खरं तर स्पॅनिश अमलातली, कारण १७८८ आणि १७९४ च्या दोन आगींत आधीची फ्रेंच घरं जळून गेली होती. म्हणजे या गावात नावावर जायचं नाही, हा पहिला धडा पाटीवरच मिळतो.

*

शुक्रवारी सकाळी बेन्ये. चौकोनी तळलेला मैद्याचा फुगा, वर पिठीसाखरेचा डोंगर. सोबत चिकरी घातलेली कॉफी. यादवी युद्धाच्या काळात कॉफीचा तुटवडा पडला आणि चिकरी मिसळायची सवय लागली, ती सुटलीच नाही. आपल्याला चिकरीचं कौतुक नाही, लहानपणापासून घरच्या डब्यात तीच. 'कॅफे द्यू माँद' १८६२ पासून हेच दोन जिन्नस विकतंय. तिथे एकच नियम: बेन्ये तोंडाशी नेताना श्वास सोडायचा नाही. रत्नागिरीकराने सोडला. त्याच्या काळ्या शर्टावर काश्मीर झालं.

पण या बेन्येच्या शेजारी रस्त्यावर एक दुसरा पदार्थ विकला जायचा, जो आज शोधावा लागतो. त्याचं नाव "काला". (गोपाळकाल्याशी संबंध नाही.) शिजवलेला भात आंबवून, त्यात साखर-अंडी-पीठ घालून तळलेले गोळे. वाचल्यावर मला अनारसाच आठवला, भिजवलेल्या तांदळाचा. आफ्रिकन वंशाच्या बायका डोक्यावर टोपली घेऊन, "गरमागरम काला" अशी आरोळी देत हे विकायच्या. त्यातल्या कित्येक गुलाम होत्या.

इथे स्पॅनिश कायद्याची एक गोष्ट कळते. त्यात गुलामाला स्वतःची किंमत ठरवून घ्यायचा आणि ती हप्त्याहप्त्याने फेडून मोकळं व्हायचा हक्क होता. मालकाला नाही म्हणता येत नसे. त्या अमलात शेकडो लोक असे स्वतःला विकत घेऊन सुटले. रविवारी सुट्टीच्या वेळात, टोपलीतला माल विकून साठलेली नाणी त्या पैशात होती. विचार करा, भजी विकून स्वतःला विकत घ्यायचं! शहर अमेरिकेकडे आल्यावर हा रस्ता हळूहळू आवळत गेला.

आम्ही बेन्ये संपवले. साखर झटकली. तेव्हा कोणी फार बोललं नाही, कारण दुपारच्या जेवणाची वेळ पाळायची होती.

*

दुपारी 'डूकी चेज'. १९४१ मध्ये सुरू झालेलं हे रेस्तराँ कृष्णवर्णीयांच्या वस्तीतलं. क्वार्टरमधल्या बड्या हॉटेलांत त्यांना प्रवेश नव्हता, तेव्हा पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर बसून जेवायची ही जागा. लीया चेज सून म्हणून या घरात आल्या आणि स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा झाल्या. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसून जेवणं बेकायदा होतं त्या दिवसांत नागरी हक्क चळवळीतले लोक माडीवर बैठका घ्यायचे आणि लीयाबाई त्यांना गम्बो वाढायच्या. २००५ च्या कॅटरिना वादळात शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, त्यात हेही बुडालं. २००७ मध्ये पुन्हा उघडलं. लीयाबाई २०१९ मध्ये, ९६ व्या वर्षी गेल्या.

गम्बो म्हणजे दाट रस्सा. कोळंबी, खेकडा, सॉसेज, वर भात. आणि नाव? पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या भाषांतला भेंडीचा शब्द. होय, आपली भेंडी! वहिनी म्हणाली, "म्हणजे आपण सहा तास गाडी चालवून भेंडीचं सार प्यायला आलोय." नगरकराने तीन वाट्या प्यायला, तो काही बोलायच्या स्थितीत नव्हता.

*

शुक्रवारी रात्री पहिला आंत्वान भेटला. आंत्वान अल्सियातोर. मार्सेयहून अमेरिकेत आलेला हा पोरगा, विशीसुद्धा गाठलेली नसताना, १८४० मध्ये त्याने खाणावळ काढली. 'आंत्वान्स' आजही त्याच घराण्याच्या हातात आहे. एकाच कुटुंबाने इतकी वर्षं चालवलेलं दुसरं रेस्तराँ अमेरिकेत नाही.

त्याच्या मुलाने, ज्यूलने, १८८९ मध्ये एक पदार्थ काढला. शिंपल्यातली कालवं, वर हिरवागार सॉस, आणि भट्टीत भाजलेलं. सॉस इतका "श्रीमंत" की त्याला देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाचं नाव दिलं: ऑइस्टर्स रॉकफेलर. पाककृती आजही गुप्त आहे. पालक आहे का विचारलं तर नाही म्हणतात, काय आहे विचारलं तर हसतात. क्लोज्ड सोर्स सॉफ्टवेअर! रत्नागिरीकर मात्र कालवांच्या बाबतीत कोणाच्या बापाला ऐकत नाही. त्याने एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "चांगलंय. पण आमच्याकडे खडकावरून काढून ताजी खातात, एवढे कपडे चढवत नाहीत त्यांना."

आता मुद्दा बघा. पदार्थावर नाव रॉकफेलरचं. त्याने तो ना रांधला, ना त्यासाठी कालवं काढली. पण नाव त्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी 'ब्रेनन्स'मध्ये हेच पुन्हा. तिथे १९५१ मध्ये जन्मलेलं 'बनानाज फॉस्टर' मागवलं. टेबलाशेजारी तवा येतो, त्यात लोणी, ब्राऊन शुगर, दालचिनी, केळी, मग रम, आणि भक्कन ज्वाळा! हे सगळं आइसक्रीमवर. शिकरणावर वाढलेला पुणेकर म्हणून मला जरा गलबलून आलं. मालक ओवेन ब्रेननने काहीतरी नवीन कर म्हणून सांगितलं, त्याची बहीण एला आणि शेफ पॉल ब्लाँजे यांनी ते केलं, आणि नाव मिळालं रिचर्ड फॉस्टरला. हा कोण? मालकाचा मित्र आणि नेहमीचं गिऱ्हाईक.

आणि केळीच का? कारण न्यू ऑर्लिन्स हे केळ्यांचं मोठं बंदर होतं. मध्य अमेरिकेतून जहाजं भरभरून केळी यायची. सॅम झमरे नावाचा स्थलांतरित पोरगा उतारावरची, लवकर पिकलेली केळी स्वस्तात उचलून विकता विकता एवढा मोठा झाला की १९१० च्या अखेरीस त्याच्या पैशाने होंडुरासच्या पदच्युत अध्यक्षाला घेऊन भाडोत्री सैनिकांचं टोळकं याच शहरातून निघालं. होंडुरासचं सरकार बदललं आणि झमरेला हव्या तशा जमिनी मिळाल्या. "बनाना रिपब्लिक" हा शब्द ओ. हेन्रीने १९०४ मध्येच लिहून ठेवला होता. तव्यावरची ज्वाळा विझेपर्यंत मी हे सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली, "तुमच्या तिसऱ्या रकान्यामुळे माझं आइसक्रीम वितळलं."

*

शनिवारी संध्याकाळी दुसरा आंत्वान. आंत्वान आमेदे पेशो.

यासाठी जरा समुद्रापलीकडे जायला हवं. आजच्या हैतीचं जुनं नाव सँ-दोमँग, फ्रेंचांची सगळ्यात श्रीमंत साखर वसाहत. १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतःचा देश उभा केला. जगातला हा एकमेव यशस्वी म्हणावा असा गुलामांचा उठाव. तिथून पळालेले मळेवाले, त्यांनी बरोबर आणलेले गुलाम आणि मिश्रवंशीय स्वतंत्र लोक आधी क्यूबात गेले. १८०९-१० मध्ये तिथूनही निघावं लागलं, तेव्हा त्यातले नऊ-दहा हजार लोक न्यू ऑर्लिन्सला उतरले. शहराची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. आज जिला इथली खास "क्रिओल" चव म्हणतात, तिच्यात या बोटींचा मोठा हात आहे.

पेशो अशाच परागंदा घराण्यातला. १८३० च्या दशकात त्याचं रॉयल स्ट्रीटवर औषधांचं दुकान होतं. पोटाच्या तक्रारीवर तो एक कडू, लाल अर्क बनवायचा. लोक तो ब्रँडीत घालून घ्यायला लागले. औषध म्हणूनच हं! आपल्याकडे खोकल्यासाठी ब्रँडी घेणारे काका असतात, तोच प्रकार. पुढे 'सॅझरॅक' नावाची कॉग्नॅक, साखर आणि हे बिटर्स असं समीकरण बसलं. १८७० च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षवेली किडीने फस्त केल्या, कॉग्नॅक मिळेना, मग राय व्हिस्की आली. ग्लास आतून अ‍ॅबसिंथने विसळायचा. १९१२ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली, मग बडीशेपेच्या वासाचं दुसरं मद्य आलं. घटक बदलत गेले पण नाव तेच राहिलं. आमच्या ऑफिसात अशी एक प्रणाली आहे. २००८ मध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने सॅझरॅकला न्यू ऑर्लिन्सचं अधिकृत कॉकटेल ठरवलं.

गावात सांगतात की पेशो अंड्याच्या कपात, म्हणजे "कोक्तिए"त हे पेय द्यायचा आणि त्यावरून "कॉकटेल" शब्द आला. गोष्ट झकास आहे, पण खोटी. हा शब्द अमेरिकन छापील मजकुरात १८०३ मध्ये आहे, १८०६ मध्ये तर न्यूयॉर्क राज्यातल्या एका पत्राने त्याची व्याख्याच दिली: कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. तेव्हा आमचा पेशो लंगोटात होता.

त्याच रात्री 'रामोस जिन फिझ' पण घेतलं. १८८८ चं. जिन, लिंबू, साय, अंड्याचा पांढरा बलक, संत्र्याच्या फुलांचं पाणी. हे इतकं घुसळावं लागतं की हेन्री रामोसने नुसतं शेकर हलवायला पोरं ठेवली होती. १९१५ च्या मार्डी ग्राला म्हणे ३५ पोरं एका ओळीत, एकाचा हात दुखला की शेकर पुढच्याकडे. दारूबंदी आल्यावर रामोसने दुकान बंद केलं आणि पुढे पाककृती जगजाहीर करून टाकली. ओपन सोर्स! मी मनात त्याला सलाम ठोकला. मग नगरकराने विचारलं, "आणि त्या पस्तीस पोरांची नावं?"

मी शीट बघितली. त्यात तसा रकाना नव्हता.

*

सॅझरॅक बनवताना बारटेंडरने साखरेचा खडा बिटर्समध्ये भिजवून चेचला होता. तिथून तिसरा आंत्वान निघाला. आम्ही नदीकाठी चालत होतो तेव्हा मी सांगितलं.

१७९० च्या दशकात लुइझियानात निळीचं पीक किडीने बुडालं. एत्येन द बोरे नावाच्या मळेवाल्याने ऊस लावला, पण इथल्या कमी दिवसांच्या हंगामात तयार झालेल्या उसाच्या रसाचा दाणा पडेल की नुसती काकवी राहील, ही सगळ्यांना शंका. बोरेने सँ-दोमँगमध्ये शिकलेला साखर-कारागीर आणला: आंत्वान मोरँ. १७९५ मध्ये दाणा पडला. आज पाट्या, पुस्तकं सगळीकडे बोरेचं नाव. मोरँ एका ओळीपुरता. आणि त्या दाण्याचा अर्थ काय? नदीच्या दोन्ही काठांनी उसाचे मळे आणि ते राबवायला हजारो गुलाम.

रस आटवायची पद्धत म्हणजे एका ओळीत मोठमोठ्या उघड्या कढया, खाली जाळ, आणि लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस या कढईतून त्या कढईत टाकणारी माणसं. "म्हणजे गुऱ्हाळ," नगरकर म्हणाला. हो, गुऱ्हाळच. पण एकच काहील नाही, चार-पाच, रात्रंदिवस, आणि चुलाणाशी उभ्या माणसाला घरी जायची मुभा नाही. हातपाय भाजायचे, जळण डोंगराएवढं लागायचं.

याच्यावर तोड काढणारा माणूस न्यू ऑर्लिन्सचाच. नॉर्बेर रिलियू, जन्म १८०६. बाप गोरा इंजिनियर, आई मिश्रवंशीय स्वतंत्र स्त्री. म्हणजे हा स्वतंत्र, पण कायद्याने "रंगीत". बापाने पॅरिसला शिकायला पाठवलं, तिथे वाफेच्या यंत्रांवर त्याने शिकवलंही. त्याची कल्पना अशी: रस बंद भांड्यात उकळायचा. त्यातून निघणारी वाफ हवेत सोडायची नाही, ती दुसऱ्या भांड्याला तापवायला वापरायची. दुसऱ्या भांड्यात दाब कमी ठेवायचा, म्हणजे तिथला रस कमी तापमानाला उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याला. एकदा जाळलेल्या जळणाची उष्णता तीनदा वापरायची! पेटंट १८४३ आणि १८४६.

नगरकर चालायचा थांबला. "हे तर क्वाड आहे," म्हणाला. त्याचे वडील प्रवरेकाठी साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला होते, पॅनमन म्हणून निवृत्त झाले. त्याने घड्याळ बघितलं. इथे शनिवारची रात्र साडेनऊ, तिकडे रविवारची सकाळ आठ. फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"आण्णा, ते क्वाड कसं चालतं, सांगा ना जरा."

"आरं, सुट्टीच्या दिवशी तुला क्वाड कुठं आठवलं?" मग आण्णा खुलले. "पहिल्या बॉडीला एक्झॉस्ट स्टीम द्यायची. तिच्यातल्या रसाची वाफ निघती ती दुसरीला. दुसरीची तिसरीला, तिसरीची चौथीला. शेवटच्या बॉडीला व्हॅक्यूम. व्हॅक्यूम पडला की सगळं बोंबललं, रातपाळीला आमची पळापळ. तीस हंगाम केलं बाबा."

"आण्णा, हे काढलं कुणी, माहितीये का?"

थोडा वेळ शांतता. "आपल्या कारखान्यात पाव्हणं आलं की संस्थापकांचा फोटो दाखवायचो. हे कुणी काढलं ते कुणी सांगितलं न्हाई. कुणी काढलं?"

नगरकराने नाव सांगितलं, आणि तो माणूस कोण होता तेही. आण्णांनी नाव दोनदा म्हणून बघितलं. रिलियू. रिलियू. मग म्हणाले, "त्याला त्या मळेवाल्यांनी नीट वागवलं का रं?"

नाही. ज्यांच्या मळ्यांवर तो यंत्र बसवायला जायचा, त्यांच्या बंगल्यात त्याला उतरता येत नसे. त्याची सोय वेगळी. त्याच्या यंत्राने पळीवाल्यांचं भाजणं वाचलं, पण वाढलेला नफा गुलामांच्या मालकांच्याच खिशात गेला, हेही खरं. शहरात स्वतंत्र मिश्रवंशीयांवर निर्बंध वाढत गेले, तसा तो फ्रान्सला निघून गेला. १८९४ मध्ये पॅरिसला वारला. अमेरिकेच्या रसायनशास्त्र संस्थेने त्याच्या शोधाला ऐतिहासिक मानचिन्ह दिलं ते २००२ मध्ये. दरम्यान १९५० मध्ये प्रवरानगरला आपल्याकडच्या सहकारी साखर कारखानदारीचा पहिला गळीत हंगाम झाला, आणि महाराष्ट्रात धुराडी उभी राहिली. प्रत्येक धुराड्याखाली रिलियूच्या कल्पनेचीच भांडी. आपण सकाळी चहात टाकतो तो दाणा त्यातूनच आलेला.

*

रविवारी परतताना वाट थोडी वाकडी करून 'ओक अ‍ॅली'ला गेलो. शहरापासून तासाभरावर, नदीकाठचा जुना उसाचा मळा. दोन्ही बाजूंनी प्रचंड ओक, अठ्ठावीस झाडं, आणि टोकाला खांबांचा पांढरा बंगला. फोटो काढणाऱ्यांची झुंबड. दुकानात प्रालीन. प्रालीनचं नावसुद्धा सतराव्या शतकातल्या प्रालँ नावाच्या फ्रेंच सरदारावरून, त्याच्या आचाऱ्यावरून नाही! फ्रान्समध्ये त्यात बदाम असायचे. इथे बदाम नाहीत, म्हणून इथला पिकॅन आला, वर दूध-साय, आणि आपल्या वडीसारखी रवाळ मिठाई झाली. क्वार्टरमध्ये ती विकणाऱ्याही आफ्रिकन वंशाच्या बायकाच.

पण पिकॅन म्हणजे जंगली झाड. बी लावलं तर फळ कसं येईल याचा भरवसा नाही. रत्नागिरीकर लगेच म्हणाला, "रायवळ आंबा." अगदी तेच. कोयीचं झाड आईसारखं निघेलच असं नाही. तोच आंबा हवा असेल तर कलम बांधायला हवं. पिकॅनचं कलम साधत नव्हतं. १८४६-४७ च्या हिवाळ्यात, याच मळ्यावर, एका माळ्याने आधी सोळा झाडं कलम करून दाखवली. पुढे ही संख्या शंभरावर गेली. त्या जातीचा पिकॅन १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात गाजला आणि त्या शतकमहोत्सवावरून जातीला 'सेंटेनियल' नाव पडलं. नाव घेऊन पिकॅनची लागवड करता येते, हे तिथून कळलं.

तो माळी म्हणजे आमचा चौथा आंत्वान. आंत्वान काय? काही नाही. नुसता आंत्वान. मळ्याचा मालक १८४८ मध्ये वारल्यावर मालमत्तेची यादी झाली. गुरं, भांडी, अवजारं, माणसं. त्यात आंत्वान, माळी, किंमत १००० डॉलर. पिकॅनची कलमं बांधण्यात वाकबगार, अशी नोंदसुद्धा आहे, पण ती किंमत ठरवण्यासाठी. आडनाव नाही. तो पुढे स्वतंत्र झाला का, तोवर जगला का, याचा यादीला काय उपयोग? त्याची बहुतेक झाडंही नंतरच्या मालकाने तोडली. कशासाठी? ऊस लावायला.

बंगल्याच्या मागे गुलामांच्या झोपड्या पुन्हा उभारल्यात आणि तिथे या मळ्यावर राबलेल्या माणसांची नावं लिहिली आहेत. नुसती नावं. आम्ही चौघं ती वाचत उभे राहिलो. हातात प्रालीनची पिशवी होती. ती खाली कुठे ठेवावी ते कळेना.

आता सांगा, चार आंत्वान. एकाचं नाव अजून पाटीवर दिव्यांनी उजळतं. एकाचं बाटलीवर. एकाचं पुस्तकातल्या एका ओळीत. आणि एकाचं मालमत्तेच्या यादीत. चौघांनी त्या शहराच्या जिभेला काही ना काही दिलं. कौशल्यात कोण कमी होतं, असं मला तरी म्हणता येणार नाही. मग पाटीवर कोण आणि यादीत कोण, हे कसं ठरलं? ते चवीवरून नक्कीच ठरलं नाही. आम्ही संगणकवाले लोक कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद ठेवतो, बहुतेक वेळा दोष द्यायला. ताटातल्या पदार्थाला अशी नोंद नसते. मेन्यूकार्डावर जे नाव छापलंय ते बहुधा पैसे देणाऱ्याचं असतं.

परतीच्या वाटेवर कोणी गाणी लावली नाहीत. बऱ्याच वेळाने रत्नागिरीकर म्हणाला, "हापूसचं पण तेच की रे. अल्फान्सो म्हणे अल्बुकर्कवरून. त्याने काय कलम बांधलं होतं?" मग थोडं थांबून, "आमच्या बागेतली जुनी कलमं आजोबांनी लावली असं आम्ही सगळ्यांना सांगतो. आजोबा मुंबईला गिरणीत होते. कलमं त्यांनी नाही बांधली."

त्याने आईला विचारलं. आईने चुलत्याला विचारलं, चुलत्याने वाडीतल्या एका म्हाताऱ्यांना. तीन दिवसांनी उत्तर आलं. कलमं बांधायला एक जण यायचा, पावसाच्या तोंडावर, वरच्या वाडीतून. हाताला गुण होता, त्याचं कलम मरायचं नाही. नाव कळलं. आडनाव कोणालाच आठवत नाही.

वहिनीने शीट बंद केलेली नाही. चौथ्या रकान्याचं शीर्षक बदलून तिने आता नुसतं "कोणी केलं?" असं ठेवलंय, आणि रत्नागिरीच्या हापूसची ओळ त्यात सगळ्यात वर आहे.